चार पिंपांची सांगड : क्वाड गाडी तळ्यापार नेण्याचं एक प्रकरण

अलास्कात आणि कॅनडाच्या उत्तर भागात क्वाड गाडी, म्हणजे जाड टायरांची आणि मोटरसायकलसारखं हँडल असलेली उघडी चारचाकी, हे कामाचं जनावर आहे. हिवाळ्यात तळी गोठतात, गाडी सरळ बर्फावरून निघून जाते. उन्हाळ्यात त्याच वाटेवर पाणी असतं. बीव्हर प्राण्यांनी ओढे अडवून केलेली तळी तर एका मोसमात नव्यानं उभी राहतात. वळसा घ्यावा तर दोन्ही बाजूंना गाडी पोटापर्यंत रुतेल असा दलदलीचा पट्टा. अशा वेळी लोक गाडीला पिंपं बांधतात. काही पार होतात, काहींची गाडी तळाशी जाते.

इथे एकच परिस्थिती घेऊन तिचा पूर्ण हिशेब केला आहे. ६० मीटर रुंद, २ मीटरपेक्षा खोल, वाहता प्रवाह नसलेलं तळं. ५७० सीसीच्या आसपासची, एका माणसाची चारचाकी क्वाड. चालकासह ती पलीकडे न्यायची आहे. खालचे आकडे या परिस्थितीचा हिशेब आहेत, तुमच्या गाडीचे आकडे तुम्हाला काट्यावरच घ्यावे लागतील.

मराठीत याला नेमका शब्द आहे. दोन भोपळे किंवा दोन होड्या एकमेकांना बांधून पाण्यावर जे साधन करतात ती सांगड. ‘सांगड घालणे’ आपण रोज म्हणतो. या प्रकरणात अवघड भाग तोच, म्हणजे जोडणी. नुसतं तरंगणं चार पिंपांत उरकतं.

वजन

गाडीचं पत्रकातलं कोरडं वजन सुमारे ३२० किलो. त्यात पेट्रोल, ऑइल, कूलंट, विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि बॅटरी धरली की काट्यावर ३५५ किलो भरतं. चालक कपडे-बुटांसह ८० किलो, सामान २५ किलो. एकूण ४६० किलो.

तरंगण्याच्या साधनाचं स्वतःचं वजन पुष्कळ जण विसरतात. इथे ते १०७ किलो आहे : फोम भरलेली चार पिंपं ६२ किलो, सांगाडा आणि बांधणी ४५ किलो. म्हणजे पाण्याला ५६७ किलो उचलायचे आहेत, ४६० नव्हे.

पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलायची. ट्रकचा वजनकाटा यासाठी निरुपयोगी, कारण तो पाच-दहा किलोंच्या पटीत बोलतो. धान्याच्या गोदामातला फलाट काटा घ्यावा, आणि तोलताना चालक गाडीवर बसलेला असावा. या प्रकरणात पुढच्या आसावर २०५ आणि मागच्या आसावर २५५ किलो येतात. दोन आसांमधलं अंतर १२८ सेमी आहे. १२८ गुणिले २०५ भागिले ४६० केलं की ५७ सेमी मिळतात. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ५७ सेमी पुढे आहे, म्हणजे गाडीच्या मध्याच्या ७ सेमी मागे. या ५७ आकड्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तो खडूनं चॅसिसवर लिहून ठेवावा.

चाकं तरंगवतील का?

‘चाकांत हवा आहे, गाडी तरंगेलच’ हा समज जुना आहे आणि पूर्ण खोटाही नाही. शेर्पसारख्या, पाण्यात आणि दलदलीत चालण्यासाठीच केलेल्या गाड्यांची चाकं १.६ मीटर व्यासाची असतात आणि त्या खरोखर चाकांवरच तरंगतात. कॅनडात बनणारी आठ चाकी आर्गो होडीसारख्या बंद टबात बसवलेली असते. आपल्या क्वाडची चाकं ६३.५ सेमी व्यासाची. टायरचा गोलावा धरून पुढच्या चाकाचं आकारमान सुमारे ३९ लिटर आणि मागच्याचं ४९ लिटर येतं. चारही पूर्ण बुडाली तरी उचल १७६ किलोंची. गाडीच ३५५ किलोंची आहे.

यात आणखी एक धोका आहे. ही उचल गाडीच्या अगदी खाली लागते, आणि इंजिन, टाकी, माणूस हे सगळं वर असतं. मोठी चाकं लावून जेमतेम तरंगणारी क्वाड म्हणूनच पालथी होऊन चाकं वर करते.

पिंपं कोणती, किती आणि किती उंचीवर

अमेरिकेत ५५ गॅलनचं, म्हणजे २०८ लिटरचं, निळं एचडीपीईचं (जाड, टणक प्लास्टिकचं) पिंप सर्वत्र मिळतं. व्यास सुमारे ५८ सेमी, लांबी सुमारे ९३ सेमी, वजन साडेनऊ किलोंच्या आत-बाहेर. वरचं झाकण न उघडणारं, दोन बुचांचं बंद पिंप घ्यायचं. कडं आवळून झाकण बसवायचं पिंप सोयीचं वाटतं, पण त्याचं गॅसकेट पाण्यात आडवं ठेवण्यासाठी केलेलं नसतं.

एका पिंपाची उचल २१० लिटर धरली तर चारांची ८४० होते. ८४० भागिले ५६७ म्हणजे जवळजवळ दीडपट. पाण्यावरच्या साधनाला निदान इतकी शिल्लक हवी, आणि या शिल्लकीत चाकांची उचल मोजलेली नाही.

आता उंची. गाडी चालवतच पाण्यात शिरता यावं म्हणून पिंपं वर बांधण्याचा मोह होतो. पिंपाचं बूड जमिनीपासून २५ सेमी वर ठेवलं तर पाण्याची रेघ टायरच्या तळापासून सुमारे ५२ सेमीवर येते. पायठेवणीच्या बऱ्याच वर. बेल्टचा डबा आणि क्रँककेस पाण्यात, आणि चाकं जवळजवळ पूर्ण बुडलेली. पिंपाचं बूड जमिनीपासून फक्त ६ सेमीवर आणलं की हीच रेघ ३६-३७ सेमीवर उतरते. तेवढीच पिंपं, तेवढंच वजन, आणि गाडी पाण्यातून १५ सेमी जास्त वर.

खाली बांधण्याचा दुसरा फायदा चालीचा आहे. टायरचे दाते पाणी मागे ढकलतात ते चाकाच्या खालच्या अर्ध्या भागानं. वरचा अर्धा भाग पाण्यात असेल तर तो पाणी पुढे ढकलतो आणि खालच्याची मेहनत वाया घालवतो. आस ३२ सेमीवर आहे आणि रेघ ३६-३७ वर, म्हणजे चाक निम्म्याहून थोडं जास्त बुडालेलं. हे चालतं. ५२ सेमीच्या रेघेला चाकं नुसतीच घुसळत राहतात आणि गाडी जागची हलत नाही.

अर्थात ६ सेमीच्या अंतरावर पिंपं बांधून जंगलात गाडी चालवता येत नाही. म्हणून साधन मागच्या ट्रेलरवर आणायचं, पाण्याच्या काठावर सपाट जागा पाहून चार पिनांनी जोडायचं, पलीकडे उतरल्यावर काढायचं. काठावर जोडणीला दोन माणसं लागतात.

आडवं नाही, उभं कलणं

पाण्यावरच्या वस्तूची कलंडण्याला विरोध करण्याची ताकद जिनं मोजतात तिला मेटासेंट्रिक उंची म्हणतात. ती जितकी जास्त तितकी वस्तू घट्ट. ती पाण्याच्या रेघेवरच्या आकारावर ठरते, आणि मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग त्यात येतो. म्हणून पिंप थोडं दूर सरकवलं तरी फरक मोठा पडतो.

लोकांना भीती असते बाजूला कलंडण्याची. पिंपं दोन्ही बाजूंना असल्यानं तिथे काळजी नाही. गाडीची रुंदी १२२ सेमी, दोन्हीकडे १५ सेमी मोकळी जागा, मग पिंप. म्हणजे पिंपाचा मध्य गाडीच्या मध्यरेषेपासून १०५ सेमीवर आणि एकूण रुंदी २.६८ मीटर. आडवी मेटासेंट्रिक उंची सुमारे ४.२ मीटर भरते. ८० किलोंचा माणूस एका बाजूच्या पिंपावर जाऊन उभा राहिला तरी कल जेमतेम २ अंशांचा. ही १५ सेमी जागा मात्र कमी करू नये. वळवल्यावर पुढचं चाक तेवढंच बाहेर येतं. ५ सेमी ठेवलेल्या साधनात हँडल थोडं वळलं की टायर पिंपाला घासतो.

एका बाजूची दोन पिंपं एकमेकांना खेटून ठेवली, जशी बहुतेक जण ठेवतात, तर साधनाची लांबी १.८६ मीटर होते. रुंदीपेक्षा लांबी कमी. मग पुढे-मागे डोलण्याच्या दिशेनं मेटासेंट्रिक उंची फक्त १.१ मीटर उरते, आडव्याच्या पाव हिश्श्याइतकी. क्वाडवर वजन हलतं ते नेमकं याच दिशेनं. चालक मागे सरकतो, मागच्या रॅकवर सामान असतं, काठावर चढताना नाक उचलतं. ५७ सेमीचा हिशेब न करता पिंपं अंदाजानं बांधली आणि गुरुत्वमध्य पिंपांच्या मध्यापासून १५ सेमी मागे राहिला, तर गाडी साडेसात अंश मागे झुकते आणि मागची टोकं साडेबारा सेमी जास्त बुडतात. त्यात चालक घाबरून मागे सरकला की आणखी साडेतीन अंश. एक्झॉस्टचं तोंड मागे असतं आणि पाणी तिथून आत येतं.

उपाय फुकटचा आहे. पुढच्या आणि मागच्या पिंपात ४० सेमी जागा सोडायची. लांबी २.२६ मीटर होते आणि उभी मेटासेंट्रिक उंची १.१ वरून २ मीटरच्या जवळ जाते. एकही पिंप न वाढवता ताकद जवळजवळ दुप्पट. वरच्या १५ सेमीच्या चुकीचा कल साडेसातऐवजी सव्वाचार अंशांवर येतो. मग पिंपांचा मध्य, म्हणजे त्या ४० सेमी जागेचा मध्य, मागच्या आसाच्या बरोबर ५७ सेमी पुढे आणायचा.

कृष्णाकाठी पुरात गुळाच्या काहिलीतून माणसं नेली जातात. काहील गोल असल्यानं ती कुठल्याही बाजूला सारखीच घट्ट असते, आणि सारखीच गरगरते. आपली सांगड चौकोनी आहे. तिच्या दोन्ही दिशा वेगळ्या तपासाव्याच लागतात.

सांगाडा

दोन आडव्या तुळया, ५० × ५० × २.६ मिमी लोखंडी चौकोनी पाइपच्या, प्रत्येकी २.४ मीटर. एक पुढच्या बंपरच्या जागी, दुसरी मागच्या हिचच्या जागी, दोन्ही थेट चॅसिसच्या लोखंडाला बोल्ट केलेल्या पकडींत पिनांनी जोडलेल्या. सामानाच्या रॅकला बांधायच्या नाहीत. ते रॅक काही दहा किलोंचं सामान वरून खाली दाबण्यासाठी केलेले असतात. इथे बल खालून वर आहे आणि अख्ख्या गाडीच्या वजनाचं आहे.

तुळयांवर लांबीच्या दिशेनं चार ॲल्युमिनियमचे पाइप, ४० × ४० × २ मिमी, प्रत्येकी २.३ मीटर. दर बाजूला दोन, एकमेकांपासून ३० सेमीवर, पिंपांच्या माथ्यावरून जाणारे. लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतं तिथे मध्ये रबर किंवा नायलॉनचे वायसर घालावेत. ओल्यात दोन्ही धातू थेट टेकले तर ॲल्युमिनियम गंजून भुगा होतं.

प्रत्येक पिंपाला ४० × ५ मिमी लोखंडी पट्टी वाकवून केलेली दोन खोगिरं, आतून जुन्या ट्यूबचं रबर. खोगीर पिंपाच्या माथ्यावर बसतं आणि पाइपला बोल्ट होतं. खालून ५० मिमीचे दोन रॅचेट पट्टे (दातेरी कडीनं आवळायचे). या उलट्या रचनेचं कारण नीट समजून घ्यावं. जमिनीवर पिंप पट्ट्यात लोंबकळतं आणि सगळं वजन पट्टा घेतो, म्हणून माणूस पट्टे मजबूत करतो आणि वरची बाजू सोडून देतो. पाण्यात शिरताच प्रत्येक पिंप सुमारे ९७ किलोंच्या बळानं वर उसळतं. वर खोगीर नसेल तर गुळगुळीत पिंप पट्ट्यातून बाजूला निसटतं. घरी बनवलेलं साधन मोडतं ते बहुतेक इथेच.

तुळईची जाडी हिशेबानं आलेली आहे. एका बाजूची उचल सुमारे १९४ किलो, ती दोन तुळयांत वाटली जाते, आणि चॅसिसच्या जोडापासून पिंपाचा मध्य ७० सेमी दूर आहे. ५० × ५० × २.६ च्या पाइपमध्ये यानं सुमारे ९० मेगापास्कल ताण येतो. लाटेचा किंवा काठावर आदळण्याचा धक्का दुप्पट धरला तरी १८०. साध्या लोखंडाची वाकण्याची मर्यादा २१० ते २५० च्या दरम्यान असते. हातात ४० × ४० × २ चा पाइप आहे म्हणून तोच वापरला तर स्थिर ताणच १८० आणि धक्क्याला ३६०. तो पाइप तळ्याच्या मध्यावर वाकेल, काठावर नाही.

पिंपात फोम का

चारपैकी एक पिंप भरलं तर? कागदावर उरलेली तीन मिळून ६३० लिटर, वजन ५६७. हिशेब जमतो असं वाटतं. पण गुरुत्वमध्य चार पिंपांच्या मध्यभागी आहे. एक कोपरा गेला की तोल सांभाळण्यासाठी समोरच्या तिरक्या कोपऱ्याला उचल देता येत नाही. सगळा भार उरलेल्या दोन पिंपांवर येतो, ४२० लिटरवर. चाकांची मदत धरूनही हे काठावरचं गणित आहे आणि गाडी त्या कोपऱ्यात लोळते. म्हणून रिकामं पिंप वापरूच नये.

पिंपाला भोक पडायला दगडच लागतो असं नाही. उन्हात ५० अंशांपर्यंत तापलेलं बंद पिंप १० अंशांच्या पाण्यात टाकलं की आतल्या हवेचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. पिंप आत चेपतं आणि बुचाच्या गॅसकेटमधून पाणी ओढून घेतं. एक थेंबही न गळणारं पिंप असं तासाभरात लिटर-दोन लिटर पिऊ शकतं.

फोम पॉलियुरेथेनचा, दोन द्रवांचा, घनमीटरला ३२ किलो घनतेचा. दर पिंपाला साडेसहा किलो, चारांना २६, नासधूस धरून ३० किलो आणावा. थर्माकोल स्वस्त आहे, पण पेट्रोल त्याला विरघळवतं, आणि ही पेट्रोलची गाडी आहे. निळ्या-गुलाबी इन्सुलेशनच्या पाट्याही पॉलिस्टायरिनच्याच असतात, त्यांचंही तेच होतं.

ओतायची रीत : पिंप आणि द्रव दोन्ही २० ते २५ अंशांवर. थंड पिंपात फोम नीट फुगत नाही आणि दुप्पट माल लागतो. डब्यावर छापलेल्या प्रमाणात १.३ किलोंचा घाणा, ड्रिलला फिरकी लावून २० सेकंद घुसळायचा आणि लगेच बुचातून नरसाळ्यानं ओतायचा. एका घाण्यात सुमारे ४० लिटर जागा भरते, म्हणजे दर पिंपाला पाच घाणे. प्रत्येक घाण्यानंतर पिंप बाहेरून हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. घाईनं एकदम ओतलं तर आतला गाभा जळून तपकिरी होतो, पिंप फुगतं, आणि आग लागण्याइतकी उष्णताही साठू शकते. दोन्ही बुचं उघडी हवीत. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि रासायनिक वाफांचा मास्क लावूनच करावं. फोमच्या द्रवातल्या आयसोसायनेट या रसायनाच्या वाफेनं एकदा दम्याची संवेदनशीलता जडली की ती जन्मभर राहते. सीलंटवर भरवसा ठेवू नका, एचडीपीईला काहीच धड चिकटत नाही. आट्यांचं बूच नव्या गॅसकेटसह आवळणं हाच खरा बंदोबस्त.

फोम भरण्याआधी पिंप गळतं का ते पाहायचं. कंप्रेसर लावू नये. नुसत्या ०.१ बार दाबानं पिंपाच्या एका तोंडावर सुमारे २७० किलोंचं बळ येतं आणि ते तोंड उडू शकतं. सकाळच्या थंडीत बूच आवळून पिंप दुपारपर्यंत उन्हात ठेवा आणि बुचाभोवती साबणाचं पाणी लावा. आतली हवाच परीक्षा घेते.

चाचण्या

क्रम मोडायचा नाही. प्रत्येक पिंपावर बुडापासून ५-५ सेमीवर रंगाच्या रेघा आधी मारून घ्याव्यात, कारण पुढचं सगळं मोजमाप त्या रेघांवर आहे.

पहिली चाचणी गाडीशिवाय. सांगाडा पाण्यात सोडून त्यावर फळ्या टाकायच्या आणि २० लिटर पाण्याचे २३ कॅन, म्हणजे ४६० किलो, गुरुत्वमध्याच्या खुणेभोवती रचायचे. इथे चाकांची उचल नाही, म्हणून पिंपं ३७ सेमी बुडाली पाहिजेत. एक-दीड सेमी इकडेतिकडे चालेल. जास्त बुडाली तर वजनाचा हिशेब चुकला आहे. रात्रभर तसंच ठेवावं. सकाळी पट्टे सैल झालेले आढळतात, कारण खोगिराचं रबर दबतं. पुन्हा आवळायचे.

दुसरी चाचणी गाडीसह, चालकाशिवाय, इंजिन बंद, जेमतेम मीटरभर खोल पाण्यात, चारही कोपऱ्यांना काठावरून दोर. आता पिंपं २७ सेमीच्या आसपास बुडालेली दिसावीत आणि चारही कोपऱ्यांत फरक २ सेमीच्या आत असावा. मग दोन तास, दर १५ मिनिटांनी चारही रेघा वाचून वहीत लिहायच्या. या साधनाला एक सेंटीमीटर खाली जायला सुमारे २७ किलो लागतात. म्हणजे दोन तासांत साधन सेंटीमीटरभर खाली गेलं तर कुठेतरी बादलीभर नव्हे, दोन-तीन बादल्या पाणी शिरलेलं आहे.  

तिसरी चाचणी कलाची, आणि ती सगळ्यात मोलाची. हँडलवरून एक मीटर लांबीचा ओळंबा सोडायचा, खाली मोजपट्टी. ४० किलो, म्हणजे दोन कॅन, सीटजवळ ठेवून पट्टीवर वाचन घ्यायचं, मग तेच कॅन बरोबर एक मीटर मागे सरकवायचे. ओळंबा सुमारे साडेतीन सेमी सरकला तर हिशेब आणि वस्तू जुळतात. पिंपं खेटून बांधलेली असती तर हा आकडा सहाच्या जवळ गेला असता. पाचाच्या वर गेला तर चालकाला बसवू नये, सांगाडा काढून तुळया आणि अंतरं पुन्हा मोजावीत. बहुतेक वेळा पिंपं पट्ट्यात एकमेकांकडे सरकलेली सापडतात.

चौथी चालकासह, तीच उथळ जागा. पिंपं ३० ते ३१ सेमी बुडावीत. चालकानं मुद्दाम पुढे-मागे आणि बाजूला सरकून पाहावं. यात एक्झॉस्टच्या तोंडापर्यंत पाणी कधीच येता कामा नये.

इंजिन सुरू करून चाचणी पाचवी. त्याआधी डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारी दातेरी पेटी) आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या, म्हणजे हवा आत-बाहेर जाणाऱ्या नळ्या, हेडलाइटच्या उंचीपर्यंत नेलेल्या असाव्यात. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि नळीचं तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी ऑइल दुधाळ निघतं ते यामुळे. चार चाकी गिअर, कमी वेग, थ्रॉटल थोडाच. जोरात पिळल्यानं दाते फक्त फेस काढतात. अर्धबुडाल्या छोट्या चाकांची चाल माणसाच्या सावकाश चालण्याइतकी, वाऱ्यात त्याहून कमी. हँडल वळवल्यानं दिशा फारशी बदलत नाही, वल्हं जवळ हवंच. इंजिन पाण्यात बंद पडलं आणि हवेच्या फिल्टरमध्ये पाणी दिसलं तर स्टार्टर दाबू नये. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं.

प्रत्यक्ष पार करणं

६० मीटरला चाकांवर विसंबू नये. पाण्यावर तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा १२ मिमी दोर छोट्या होडीतून आधी पलीकडे न्यायचा, आणि ओढणारा माणूस पलीकडे हवा. चाकांची चाल ही मदत, दोर हा आधार.

उतरण्याची जागा निवडताना उतार दहाला एक यापेक्षा जास्त नको. साधन २.२६ मीटर लांब आहे आणि पिंपाचा पाण्यावरचा भाग फक्त २७ सेमी. याहून खड्या, दहा अंशांच्या उतारावर पुढच्या आणि मागच्या टोकांत ४० सेमी फरक पडतो, म्हणजे मागची चाकं जमीन सोडण्याआधी पुढची पिंपं पूर्ण बुडालेली. पलीकडे चढताना हीच गोष्ट उलट घडते : पुढची चाकं टेकतात, नाक उचलतं, मागची पिंपं खोल जातात. तेव्हा चालकानं पुढे झुकून राहायचं आणि विंचनं ओढून घ्यायचं, थ्रॉटलनं उडी मारायची नाही.

वाहत्या पाण्यात हे साधन नेऊ नये. सेकंदाला १ मीटर प्रवाह बाजूनं लागला तर सुमारे ४५ किलोंचा रेटा येतो, २ मीटरला तो चौपट होतो. दोरानं अडवलेल्या सांगडीची प्रवाहाकडची बाजू त्या रेट्यानं खाली दाबली जाते, आणि वर केलेला कोणताही हिशेब त्याला पुरत नाही.

चालकाच्या अंगावर लाइफ जॅकेट बांधलेलं असावं, गाडीला अडकवलेलं नव्हे. या भागात उन्हाळ्यातही पाणी बोचरं थंड असतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्ट थंड पाण्यासाठी १-१०-१ असा नियम सांगतात : पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि सुमारे १ तासानं शुद्ध हरपते. तळ्याच्या मध्यावर पिन निखळली तर दुरुस्तीसाठी हातात असतात ती ही दहा मिनिटं. म्हणून पिनांना आर-क्लिप (पिन निसटू न देणारी तारेची क्लिप) आणि क्लिपला दोरी.

अलास्कात मासे असलेल्या ओढ्या-तळ्यांतून वाहन नेण्यासाठी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाची परवानगी लागू शकते. सॅल्मन माशांच्या वाटेतलं पाणी असेल तर लागतेच. चाकं तळाला लागतात ती दोन्ही काठांवर, आणि अंडी असतात तीही अशाच उथळ खडीत.

पलीकडे पोचल्यावर बेल्टच्या डब्याचं खालचं बूच उघडून पाणी सोडायचं, ब्रेक दाबत थोडं चालवून कोरडे करायचे, आणि त्याच दिवशी डिफरन्शियलचं ऑइल थेंबभर काढून रंग पाहायचा. पिंपं दर मोसमाच्या सुरुवातीला पुन्हा काट्यावर ठेवायची. साडेपंधरा किलोंचं पिंप अठराच्या पुढे गेलं असेल तर आतला फोम पाणी धरू लागला आहे, ते बदलायचं.